पोस्टरवर पाचवा साप पाहिजे

गावाकडे सापाला कोणी साप म्हणत नाही. घरात निघाला तर जनावर निघालं, चावला तर पान लागलं. माझी आजी तर दिवे लागल्यावर हा शब्दच तोंडातून काढू द्यायची नाही, नाव घेतलं की येतो म्हणायची. त्यात भीती आहे, थोडा मान पण आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सगळ्या सापांना मिळून एकच शब्द, जनावर, आणि त्या एका शब्दापायी आमच्या गल्लीतलं एक माणूस गेलं असं माझं स्पष्ट मत आहे. परवा पोराला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो होतो, तिथं भिंतीवर सर्पदंशाचं पोस्टर लावलेलं होतं, नाग, मण्यार, घोणस, फुरसं असे चार फोटो, काय करायचं, काय नाही करायचं, खाली 108 नंबर. सगळं बरोबर आहे. फक्त नदीकाठच्या माणसाच्या पायाखाली जो साप पाटात, बंधाऱ्यावर, उसाच्या सरीत येतो तो त्यात नव्हता. पाणदिवड. ती विषारी नाही म्हणून नव्हती, आणि मला नेमकं तेच चुकीचं वाटतं.

आमचं गाव पांझरेवर, साक्री तालुक्यात. पांझरा, मोसम ह्या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत, कित्येक पिढ्यांचे, त्यातून पाट काढायचे आणि गावानंच गावाचं पाणी वाटून घ्यायचं, ह्याला आमच्याकडे फड पद्धत म्हणतात. पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या. आता ती बऱ्याच ठिकाणी मोडली, विहिरी झाल्या, बोअर झाले, ड्रिप आलं. पण पाट आहेत, बंधारे आहेत, आणि जिथं पाणी, मासे आणि बेडूक आहेत तिथं पाणदिवड असणारच. कुठे नुसतं दिवड म्हणतात, कुठे विरोळा. शास्त्रीय नाव फावलिया पिस्केटर, आधी झेनोक्रोफिस पिस्केटर म्हणायचे, जुन्या पुस्तकात अजून तेच सापडेल. पिस्केटर म्हणजे लॅटिनमध्ये मासे धरणारा. 1799 साली श्नायडर नावाच्या जर्मन अभ्यासकानं हे नाव ठेवलं, म्हणजे सव्वादोनशे वर्षं झाली शास्त्राला ती माहीत होऊन, आणि आम्ही अजून तिला जनावर म्हणून काठीनं ठेचतोय.

जवळून बघितली असेल तर विसरत नाही माणूस. अंगावर जुन्या लुगड्यासारख्या चौकड्या, कधी पिवळसर, कधी शेवाळी, काळे चौकोन ओळीनं मांडलेले. डोळा मोठा, बाहुली गोल, आणि डोळ्याखालून ओठाकडे तिरक्या उतरणाऱ्या दोन काळ्या रेषा, कोणी काजळ ओघळू दिल्यासारख्या. खवले गुळगुळीत नाहीत, प्रत्येकावर मधोमध बारीक धार असते म्हणून अंग खरबरीत दिसतं. आमच्या बंधाऱ्याच्या खाली पाणी जिथं दगडावरून उडी मारतं तिथं ती नुसतं डोकं वर काढून बसते, आणि मासा आला की इतक्या झटक्यात जाते की आपल्याला फक्त पाणी हललेलं दिसतं. छेडली तर मात्र मवाळ नाही. मान चपटी करते, अंग उचलते, आणि लांबून बघणारा हमखास ओरडतो, नाग, नाग! निम्म्या पाणदिवडी ह्या एका गैरसमजातच मरत असतील. धरायला गेलात तर चावते, एकदा नाही, दोन-तीनदा चावते, दात बारीक पण आत वळलेले असल्यामुळे रक्त बऱ्यापैकी येतं. आणि एवढंच. विष नाही. जखम साबणपाण्यानं धुवायची, दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं, संपला विषय.

आता इथं लोक साधारणपणे लिहितात की साप शेतकऱ्याचा मित्र, उंदीर खातो. मी तसं लिहिणार नाही कारण पाणदिवडीच्या बाबतीत ते खरं नाही. उंदीर खाते ती धामण. पाणदिवड मुख्यतः मासे आणि बेडूक खाते, पिल्लं बेडूकमासे आणि पाण्यातले किडे खातात. तुमच्या कपाशीला, केळीला, उसाला तिचा रोकडा फायदा काय, तर मी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही. फायदा असेल तरच जगू द्यायचं हा हिशोबच मला पटत नाही, पण तो वाद बाजूला ठेवू. तिला ओळखायला पाहिजे ते तिच्यासाठी जितकं, तितकंच आपल्या माणसांसाठी.

1994 साली मी दहा वर्षांचा होतो, माझा आतेभाऊ बारा वर्षांचा. भादव्यात पाटाला भरपूर पाणी, आम्ही चार-पाच पोरं मोरीच्या तोंडाशी टोपलं लावून मासे धरत होतो. त्यानं मोरीत हात घातला आणि ओरडला. हात बाहेर काढला तर अंगठ्याच्या मुळाशी पाणदिवड लोंबत होती, हो, सोडतच नव्हती, मग झटकली तर पाण्यात पडून गेली. हातावरून रक्ताचा ओघळ. आमचे म्हातारे पाटकरी आप्पा तिथंच बांधावर होते, त्यांनी साप बघितला, हात बघितला आणि शांतपणे म्हणाले, "दिवड शे ती, काही व्हत नही, हात धोय." पण तोपर्यंत एक पोरगं गावात पळत गेलं होतं, आत्याला कळलं पान लागलं, आत्या अनवाणी धावत आली, आणि त्या माऊलीला त्या क्षणी आप्पांचं ऐकू येणं शक्यच नव्हतं. पोराला खांद्यावर टाकून शेजारच्या गावच्या भगताकडे नेलं. त्यानं दंडाला दोरा बांधला, मंत्र पुटपुटला, कडुलिंबाचा पाला चावायला दिला. पाला गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर उतरलं, अशी परीक्षा असते. आतेभाऊ म्हणाला कडू लागतो. लागणारच की, लिंबाचा पाला आहे. भगत म्हणाला, उतरलं.

दुसऱ्या दिवशी आत्यानं नारळ आणि कोंबडं पोचवलं. आणि पंचक्रोशीत झालं काय तर "त्या पोराला एवढं लांब जनावर डसलं, अंग काळं पडत चाललं होतं, भगतानं वाचवलं." अंग काळं वगैरे काही पडलं नव्हतं, मी तिथं होतो. पण गोष्ट तशीच पसरली, लग्नात, बाजारात, कपाशी वेचताना, आणि माझा आतेभाऊ त्या भगताची चालतीबोलती जाहिरात झाला. त्याच्या अंगठ्यावर दातांचे बारीक पांढरे ठिपके होते ते लोक हात धरून बघायचे.

2009 मध्ये श्रावणात, कानबाईचे रोट झाले त्याच आठवड्यात, आमच्या शेजारच्या काकूंना मण्यार चावली. घरात धान्याच्या कोठीजवळ खाली चटई टाकून झोपल्या होत्या. रात्री दोन-अडीचला दंडाला काहीतरी टोचलं म्हणून उठल्या, मुंगी असेल म्हणाल्या. लाईट लावली तर कोठीखाली काळाभोर साप सरकताना मुलानं बघितला, अंगावर बारीक पांढरे पट्टे. म्हणजे बघा, साप चावला हे माहीत होतं, वेळेवर माहीत होतं. मण्यारीचं वाईट हेच असतं, दुखत नाही, सूज नाही, खूण दिसत नाही, आणि विष थेट नसांवर काम करतं. आधी पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास. काकू डोळे उघडत नव्हत्या तेव्हा घरचे म्हणाले झोपमोड झालीये, झोपू द्या. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय चौदा किलोमीटर. भगत तीन किलोमीटर. आणि निर्णय कशावर झाला माहितीये का, "त्या पोराला नाही का वाचवलं?" बस. लिंबाचा पाला त्यांना चावताच आला नाही. दिवस उजाडेपर्यंत संपलं होतं.

मी हे कितीतरी वर्षं नशीब नशीब म्हणून सोडून दिलं होतं. पण नंतर जसजसं वाचत गेलो, सर्पमित्रांशी बोलत गेलो तसं लक्षात आलं की हा सगळा धागा सरळ आहे. भगत मुद्दाम खोटं बोलत होता असं पण नाही, त्याला स्वतःला खरंच वाटत होतं की आपल्या मंत्रानं पोर वाचलं. आपल्याकडे जेवढे साप चावतात त्यातले बरेच बिनविषारी असतात, आणि विषारी साप पण कधीकधी कोरडा चावा घेतो, विष सोडतच नाही. म्हणजे भगताकडे येणारी बरीच माणसं तशीही वाचणारच असतात. त्यांचं श्रेय त्याला, आणि जी मरतात त्यांचं "आणायला उशीर केला." पाणदिवडीनं चावावं, भगतानं नाव कमवावं, आणि मण्यारीनं त्या नावावर माणूस न्यावं, असं हे चाललंय. आणि ह्या सगळ्याच्या बुडाशी एकच गोष्ट, की साप चावूनही काहीच होत नाही असं घडू शकतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आप्पांनी सांगितलं होतं, पण एकट्या पाटकऱ्याचं कोण ऐकतं.

आकडे बघा म्हणजे कळेल हा माझ्या गल्लीपुरता विषय नाही. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशानं साधारण 12 लाख माणसं गेली असा मिलियन डेथ स्टडीचा अंदाज आहे, वर्षाला सरासरी 58,000. त्याच्या आधीच्या अभ्यासात 2005 सालच्या जवळपास 46,000 मृत्यूंचा हिशोब मांडला होता, त्यातले 97 टक्के खेड्यातले, आणि 77 टक्के मृत्यू दवाखान्याच्या बाहेर झालेले. ही 77 टक्के माणसं कुठं होती? काही वाटेत असतील, काहींना झोपेत कळलंच नसेल, पण त्यात किती जण कुठल्या तरी ओट्यावर लिंबाचा पाला चावत बसलेले असतील. केंद्र सरकारनं मार्च 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं ठरवलंय. सापाच्या विषावरच्या लशीचा पुरवठा, डॉक्टरांचं ट्रेनिंग, नोंदी, सगळं आहे त्यात, चांगलं आहे. पण लस दवाखान्यात असते हो, आणि माणूस कुठं जाईल हे ठरतं अंगणात, रात्री अडीच वाजता, शेजारीपाजारी गोळा झाल्यावर. तिथं कोणाची गोष्ट आठवते यावर ठरतं.

आता याला एक आक्षेप आहे आणि तो खरोखर वजनदार आहे, माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनीच तोंडावर घेतला. म्हणाले, तुम्ही लोकांना बिनविषारी साप शिकवाल, उद्या कोणी घोणस चावलेला माणूस म्हणेल दिवड होती, घरी बसेल, मग? बरोबर आहे. लोक घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हातात धरतात हे मी स्वतः बघितलंय. अंधारात, घाबरलेल्या माणसाला चौकडी आणि ठिपका यातला फरक दिसत नाही. म्हणून माझं म्हणणं नीट ऐका. साप ओळखायचा तो चावण्याआधी, दिवसाउजेडी, लांबून, शाळेत, फोटोत. चावल्यानंतर ओळखायचा नाही, मारून पिशवीत घालून न्यायचा नाही, पकडायला जायचं नाही, कोणताही साप असो, दवाखान्यातच जायचं, पाणदिवड आहे याची शंभर टक्के खात्री असली तरी जायचं. मग ओळखून उपयोग काय असं विचाराल तर उपयोग तीन ठिकाणी आहे. भगताच्या गोष्टीतली हवा निघते, हे मी सांगितलंच. साप उगाच मरत नाही, हे उघड आहे, आणि काठी घेऊन अंगावर जाणारा माणूसच जास्त चावून घेतो हे पण तितकंच खरं. तिसरा उपयोग दवाखान्यातला आहे, त्याच्याबद्दल थोडं जास्त लिहितो कारण त्यावर कोणी बोलत नाही.

सर्पदंशाचा पेशंट आला की नातेवाइकांना वाटतं लगेच इंजेक्शन पाहिजे. पण ती लस म्हणजे घोड्याच्या रक्तापासून केलेलं औषध, कोणाला कोणाला तिची जबरदस्त ॲलर्जी येते, जीवावर बेतू शकतं. विषाची लक्षणं असतील तरच द्यायची असते. मग डॉक्टर काय करतात, थोडं रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि 20 मिनिटं हलवायचं नाही, तशीच ठेवायची. रक्त गोठलं नाही तर घोणस-फुरशासारखं विष आहे. गोठलं तरी सुटका नाही कारण नाग-मण्यारीचं विष रक्ताला काही करत नाही, म्हणून पापण्या बघत राहायचं, मान उचलता येते का, गिळता येतं का. चोवीस तास नजरेखाली ठेवायचं. आता ही वीस मिनिटं बाहेर उभ्या असलेल्या तीस माणसांना काय वाटतं? डॉक्टर काही करत नाहीये. मी एका दवाखान्यात असा गोंधळ डोळ्यानं बघितलाय, पोरगेला डॉक्टर, बाहेर लोक दरवाजा बडवतायत, "इंजेक्शन द्या नाहीतर बघून घेऊ." त्या पोरानं शेवटी लस न देताच पेशंट जिल्ह्याला पाठवला. मी त्याला दोष देत नाही. बाहेरच्या तीस जणांपैकी पाच जणांना जरी माहीत असतं की साप चावला म्हणजे विष चढलंच असं नाही, तर त्या रात्री एवढा गोंधळ झाला नसता. साप म्हणून भुई धोपटणं आपण अंगणातच नाही, दवाखान्याच्या दारात पण करतो.

भगतांना काय करायचं हा प्रश्न राहतो. कायदा आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा सरळ गुन्हा लिहिलाय. बऱ्याच लोकांना हे माहीतच नाही, म्हणून लिहितो. पण सातपुड्यात, अक्राणीकडे, जिथून पेशंटला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो, तिथं भगत पाच मिनिटांवर आहे आणि डॉक्टर पाच तासांवर, तिथं नुसता कायदा दाखवून काय होणार. मला वाटतं भगताकडे पेशंट येतोच आहे तर त्यालाच सांगा, तुझा मंत्र तू गाडीत बसून म्हण, पण गाडी आधी निघू दे. आणि रस्ते, आणि गाडी, ही तर सरकारचीच जबाबदारी आहे, त्यात भगताला पुढे करून कोणी सुटू नये. तसंच रात्रीच्या लाईटचं. शेतीची थ्री-फेज रात्री देणार आणि मग पाणी भरायला अंधारात उघड्या पायानं सरीत उतरलेल्या शेतकऱ्याला म्हणणार काळजी घ्या, हे बरोबर नाही.

अजून एक, पैशाचं. शेतकरी सर्पदंशानं गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून घरच्यांना 2 लाख मिळतात. पण कागद लागतात, आणि भगताच्या ओट्यावरून परस्पर स्मशानात गेलेल्या माणसाचा ना पोस्टमॉर्टेम असतो ना कुठे नोंद. काकूंची नव्हती.

तर माझी मागणी अगदी छोटी आहे. चार सापांच्या पोस्टरवर पाचवा फोटो लावा, पाणदिवडीचा, मान चपटी केलेला एक आणि साधा एक, डोळ्याखालच्या दोन रेषा बाण मारून दाखवा, आणि खाली लिहा की ह्या सापाला विष नाही, हा चावून बरं झालेलं माणूस कोणीही बरं केलेलं नसतं, आणि तरीही चावल्यावर दवाखान्यातच यायचं. जमलं तर नानेटी, धामण, कवड्या हे बिनविषारी साप पण दाखवा, कारण कवड्याला लोक मण्यार समजून मारतात आणि कधीतरी उलटंही होतं. खर्च एका फोटोचा. आशाताई घरोघर जातात, त्यांच्या हातात असलं एक कार्ड द्या, आणि मराठीत द्या, अहिराणीत द्या, पावरीत द्या, भिलीत द्या. जून लागायच्या आत द्या, नागपंचमीला हार घालून भाषण करण्यापेक्षा ते बरं. आणि साप मारणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे हे पण लिहा, पण सगळ्यात शेवटी लिहा, आधी भीती काढा.

मागच्या वर्षी ग्रामसभेत मी हा विषय मांडला. पाणी, घरकुलं, गटारी सगळं झाल्यावर शेवटी पाच मिनिटं मिळाली, लोक उठायलाच लागले होते. मी बोलायच्या आत माझा आतेभाऊ उभा राहिला. आता त्याचे केस पांढरे झालेत. त्यानं अंगठा वर केला, सगळ्यांना माहीत असलेले ते ठिपके दाखवले आणि म्हणाला, "माले भगतनी नही वाचाडं. ती दिवड व्हती. तिम्हा इखच नव्हतं." एवढंच बोलून बसला. काकू गेल्या तेव्हापासून पंधरा वर्षं त्याच्या मनात हे होतं, मला पण कधी बोलला नव्हता. सभेत कोणी काही म्हटलं नाही, भगताचा पोरगा पण तिथंच बसलेला होता, तो खाली बघत राहिला. काकूंचा मुलगा मात्र उठून बाहेर गेला.

मी त्याच्या मागे गेलो. तो शाळेच्या भिंतीला टेकून उभा होता. मी काय बोलणार, नुसता शेजारी उभा राहिलो. बऱ्याच वेळानं म्हणाला, "भाऊ, त्या रातले गाडी ते दारम्हाच उभी व्हती."